समोरच्या पानावरची सावली

११ जानेवारी

डॉक्टर आज घरी येऊन गेले. जाताना त्यांनी मला एकटीला पॅसेजमध्ये बोलावलं आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला तेव्हाच कळलं.

आत आले तर दादा म्हणाला, "किती स्टेशनं राहिली म्हणाला?"

मी म्हटलं, अजून तपासण्या यायच्यात.

"तुला खोटं जमत नाही ग. लहानपणापासून नाही. तोंड उतरतं तुझं." आणि चहा मागितला.

केला. साखर घालायला विसरले. तो मुकाट्याने प्यायला. एरवी अर्धा चमचा कमी पडला तर घर डोक्यावर घेतो!

१२ जानेवारी

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पाणी वाया घालवतेस, असं तो बाहेरून ओरडेल असं वाटत होतं. ओरडला नाही.

१४ जानेवारी, रविवार

घराबाहेर पडलो नाही असा हा पहिलाच रविवार.

हे गेले त्या वर्षी मी दिवसचे दिवस खिडकीशी बसून असायची. केस विंचरायचे नाही, कुणाशी बोलायचं नाही. भाची, चुलत भावाची मुलगी, फोनवर "आत्या, आत्या" करून थकली. मग एका रविवारी दादा आला, माझ्या चपला माझ्या पायाशी आणून ठेवल्या आणि म्हणाला, "चल. बाबांच्या पुस्तकातलं पान शोधायचंय." मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, "मला एकट्याला वरच्या फळीवरचं दिसत नाही." धडधडीत थाप. पण गेले. तेव्हापासून दर रविवारी जुन्या पुस्तकांची दुकानं, रद्दीवाले, बंद पडलेल्या वाचनालयांचे लिलाव. पुढे त्याच्याकडेच राहायला आले.

पान मिळालं नाही. बाकी दोन कपाटं भरली – सगळी अमेरिकन रेल्वे इंजिनांची शंभर शंभर वर्षांपूर्वीची पुस्तकं. कारखान्यांचे कॅटलॉग, सुट्या भागांचे कोश, बॉयलर तपासायचे नियम. नातेवाईक येतात, पाठीवरची नावं वाचतात आणि आमच्याकडे जपून बघतात. दोघंही वाया गेलेत, असा चेहरा. पण त्या खिडकीतून मला उठवलं ते याच वेडाने. दुसऱ्या कशाने उठले नसते.

१५ जानेवारी

आज दुपारी त्याने बाबांचं पुस्तक मागितलं. मांडीवर पेलत नाही म्हणून उशीवर ठेवून दिलं.

सगळं सुरू झालं ते यातूनच. बाबा इंजिनांच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याने जुनी पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा त्यांनी हे एक उचलून आणलं. अमेरिकन इंजिनांचा कोश. इतकं जाड, की आई त्यावर गरम इस्त्री टेकवायची. डाग अजून आहे. आम्ही दोघं जमिनीवर पालथं पडून चाकं मोजायचो. तिकडे इंजिनं चाकांवरून ओळखतात. पुढची लहान, मधली मोठी, मागची लहान, दोन्ही बाजूंची मिळून. बाबा ज्याच्याखाली उभं आयुष्य झोपून राहिले ते दोन-आठ-दोन. नेमकं त्याचंच पान कुणीतरी ब्लेडने कापून नेलेलं! बोटभर रुंद पट्टी तेवढी शिवणीत शिल्लक आहे.

ती इंजिनं केव्हाच भंगारात गेली. आमच्याकडे एक फोटोसुद्धा नाही. बाबा हातवारे करून सांगायचे – घंटा इथे, वाळूची पेटी इथे, आणि चिमणी एवढीशी, बुटकी.

उरलीय ती सावली. पान वर्षानुवर्षं मिटून राहिलं, त्याची शाई समोरच्या मजकुरावर पुसट तपकिरी उतरली. ओळींच्या मागे धुक्यात उभं असल्यासारखं एक इंजिन. अक्षरं, आकडे काही कळत नाहीत. फक्त आकार. तोंड उजवीकडे, पुस्तकातल्या सगळ्याच इंजिनांसारखं. आज दादा बराच वेळ त्या सावलीवर बोट फिरवत होता.

मी म्हटलं, मिळेल रे पान.

म्हणाला, "त्याची काय घाई आहे?"

तो मागत नाही, म्हणजे हवंय. मी ओळखून आहे त्याला.

१८ जानेवारी

दुकानात जाऊन आले. एकटी. आपल्या नेहमीच्या, कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानदार शिडीवर होता. मी खालूनच सांगितलं, दादाचं असं असं आहे, काहीही करा, कुणाकडून तरी ते पुस्तक मागवा, फाटकं असलं तरी चालेल, एकच पान हवंय.

"नाही आलं ताई," म्हणाला. शिडीवरून उतरलाच नाही. माझ्याकडे बघेचना. फळीवरची तीच तीन पुस्तकं काढत होता आणि परत लावत होता.

लोकांना मरणाबद्दल काय बोलावं कळत नाही. मग ते असं करतात. मला राग आला नाही, नुसतं थकायला झालं. येताना चुकीच्या स्टॉपवर उतरले.

२१ जानेवारी, रविवार

दिवसभर त्याला माणसांना इंजिनांची नावं द्यायची हौस. त्याचं करायला सकाळी येते ती जाडजूड, दमदार सिस्टर म्हणजे दोन-आठ-शून्य. "मालगाडीचं इंजिन. पुढे नावाला दोन चाकं, बाकी सगळी ताकद." तिला अर्थ सांगितला तर ती खूश झाली! मी कोण, हे जुनंच आहे. शून्य-सहा-शून्य. यार्डातलं इंजिन. लांब कुठे जात नाही, पण सगळ्यांना आपापल्या जागेवर लावतं.

हसला, मग खोकला, मग बराच वेळ खोकला.

२३ जानेवारी

मनात एक विचार आलाय. लिहू की नको?

मी चित्र काढू शकते.

नोकरीची सगळी वर्षं मी ट्रेसिंगच केलं. इंजिनिअर लोकांची चित्रं शाईने उतरवायची, एक रेघ इकडची तिकडे होऊ द्यायची नाही. बाह्य आकार सावलीत आहे. मापं पुस्तकाच्या मागच्या तक्त्यांत आहेत – चाकाचा व्यास, बॉयलरची लांबी, सगळं. उरलेलं बाबांच्या हातवाऱ्यांतून. पान तयार होईल. दुकानदाराने मिळवून दिलं म्हणून सांगायचं.

पण दादा आणि खोटं पान!

चार-चार-शून्यचं काय झालं ते मला विसरता येत नाही. आमच्यासारखाच एक संग्राहक. शिडशिडीत, तरातरा चालणारा, म्हणून दादाने ठेवलेलं नाव – जुन्या काळचं हलकं पॅसेंजर इंजिन. त्याने एका दुर्मिळ कॅटलॉगमध्ये हरवलेल्या पानाची झेरॉक्स चिकटवली होती आणि चारचौघांत कौतुकाने दाखवत होता. दादाने पान उजेडाकडे धरलं, खिशातून भिंग काढलं, पाहिलं आणि म्हणाला, "पुस्तकाला कवळी बसवलीत होय?" सगळे हसले. तो बिचारा कॅटलॉग पिशवीत घालून निघून गेला. परत आमच्याकडे आला नाही. येताना वाटेत दादा मला म्हणाला होता, "खोट्यापेक्षा बोळकं बरं."

स्वतः कवळी लावून हे बोलत होता. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

२४ जानेवारी

ठरलं. काढायचं. त्याला ओळखू आलं तर शिव्या देईल. देऊ दे. निदान ताकद आहे म्हणून देईल.

२६ जानेवारी

कागद मिळाला. आमच्याच कपाटातला एक मोडका कॅटलॉग – पाठ गेलेली, अर्ध्याहून जास्त पानं वाळवीने खाल्लेली. पण शेवटचं कोरं पान धड. त्याच काळातलं, तसंच पिवळसर, तेवढंच मोठं. पट्टी धरून कापलं. जुन्या पुस्तकाला ब्लेड लावणाऱ्यांना आम्ही दोघांनी आजवर किती नावं ठेवली असतील!

३० जानेवारी

सकाळी सिस्टर त्याचं सगळं आवरते आणि तो तासभर डुलकी घेतो. तेवढाच वेळ मिळतो. जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडते. सावलीवर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी आकार उचलला. इतकी पुसट, की खिडकीच्या उजेडात डोळे बारीक केल्याशिवाय रेघ हाती लागत नाही.

चिमणी खरंच बुटकी आहे. बाबांनी दाखवली होती तेवढीच.

२ फेब्रुवारी

आतून आवाज – "काय करतेस ग?"

"कपाट आवरतेय."

जरा वेळाने – "आवर, आवर."

५ फेब्रुवारी

चाकं झाली. या बाजूची चार मोठी, त्यांना जोडणारा दांडा, पुढेमागे एकेक लहान. शाई फार काळी दिसत होती, पाणी आणि थेंबभर तपकिरी घालून छपाईच्या रंगावर आणली. हात पूर्वीसारखा राहिला नाही, पण रेघ अजून सरळ येते. साहेब लोक म्हणायचे, बाईंचा हात म्हणजे छापखाना.

बॉयलरच्या बाजूची खिळ्यांची रांग काढताना एकाएकी बाबांचा वास आला. तेलाचा, कोळशाचा. मी पेन खाली ठेवलं. पुढचं काही काढता येईना. या इंजिनाखाली ते झोपायचे आणि वर आम्ही होतो, आमचं जेवण होतं, माझी शाळा होती. असं कधी वाटलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

आज तो नीट जेवला नाही. उद्या पूर्ण करायलाच हवं.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शिवणीतल्या पट्टीवर पान चिकटवलं. खळ जेमतेम वाळली. त्याचं भिंग मी आदल्या दिवशीच उचलून स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागे ठेवलं होतं. पडदाही अर्धा ओढून घेतला. उजेड डोळ्यांना लागतो ना तुझ्या, म्हणून.

मग पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं – दुकानदाराने माणूस पाठवून पान आणवलं.

त्याने पान उघडलं.

किती वेळ बघत होता देव जाणे. मी पलंगाची कड धरून उभी. आता पान वर धरेल, उजेडाकडे नेईल, बोटाने कड चाचपेल, आणि मग "माझं भिंग आण" म्हणेल. आजवर एक पानसुद्धा त्याने तसं केल्याशिवाय घरात घेतलेलं नाही.

त्यातलं काहीच केलं नाही. तळहात पानावर ठेवला. चिमणीपासून मागच्या चाकापर्यंत हळूहळू फिरवला. म्हणाला, "उजवीकडेच निघालंय."

मी म्हटलं, हो. सगळी तिकडेच जातात.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "हेच ते. अगदी हेच." मग माझा हात ओढून घेतला आणि बोटांकडे बघत राहिला. शाई मी घासघासून काढली होती, तरी नखाशी असेल का? मग पुटपुटला, "चला. आता पुस्तक नीट जेवेल."

कसलं पुस्तक, कसलं जेवण. औषधाची गुंगी. मी त्याच्या अंगावर चादर सारखी केली.

पण खूश होता. खूश केलं मी त्याला. फसवलं आणि खूश केलं. दोन्ही एकाच वेळी छातीत आहेत आणि मला धड रडूही येत नाही.

१३ फेब्रुवारी

अरे देवा. आज चार-चार-शून्य आला होता! कुणाकडून तरी कळलं त्याला. दारात उभा, तसाच शिडशिडीत, केस तेवढे पांढरे.

दादाने त्याला जवळ बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पुस्तक आण. पान दाखवू याला."

म्हटलं, कशाला आता, तू दमशील. ऐकेना. आणलं. चार-चार-शून्यने पान उघडलं आणि सवयीने खिशातून भिंग काढलं. त्याचं भिंग लपवायचं मला कुठून सुचणार! तो वाकला. चाकांवर थांबला, खिळ्यांच्या रांगेवर थांबला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. कळलं होतं त्याला. शाईची रेघ आणि छापलेली रेघ भिंगाखाली लपत नाही. आता म्हणेल – कवळी. त्याचा हक्कच होता.

दादा म्हणाला, "काय? आहे ना अस्सल?"

त्याने भिंग मिटून खिशात ठेवलं. "अस्सल म्हणजे अस्सल," म्हणाला. "इतकं सुंदर पान मी तरी पाहिलं नाही."

मग दादा त्याला म्हणाला, "त्या दिवशी मी चारचौघांत बोललो ते चुकलं माझं. हरवलेल्या पानाची माया असते, म्हणून माणूस तसं करतो. मला तेव्हा कळलं नाही." तो नुसता मान हलवत राहिला. म्हातारी माणसं, दोघांनी एकमेकांचे हात धरले होते. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

जाताना दारात तो मला हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या हाताला नमस्कार."

१९ फेब्रुवारी

बोलणं कमी झालंय. पुस्तक उशाशी असतं. उघडायला सांगत नाही, नुसता हात ठेवतो.

२२ फेब्रुवारी

दुपारी गेला. मी चहा टाकायला आत गेले होते. साखर घातली की नाही आठवत नव्हतं, म्हणून विचारायला आले – तुला घातली का रे मी साखर?

२७ फेब्रुवारी

भाची येऊन गेली. "आत्या, माझ्याकडे चल." म्हटलं, बघू.

तिने कपाटांकडे पाहिलं आणि विचारलं, याचं काय करायचं? मी कपाटाचं दार लावून घेतलं.

४ मार्च, रविवार

खिडकी.

१० मार्च

भिंग साखरेच्या डब्यामागून काढलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. कुणाच्या उपयोगाचं?

त्याला खोटं सांगितलं आणि तो ते खरं मानून गेला, हे मनातून जात नाही. खोट्यापेक्षा बोळकं बरं म्हणणारा माणूस. शेवटी मी त्यालाच फसवलं. रागवायला तरी हवा होता तो.

१८ मार्च, रविवार

केस विंचरले नाहीत. सिस्टर सहज भेटायला आली होती, दोन-आठ-शून्य. दार उघडलं नाही. ती बाहेरून हाका मारत होती आणि मी खुर्चीत बसून ऐकत होते. मला माझीच भीती वाटली.

२३ मार्च

पुस्तकांच्या दुकानदाराचा फोन.

"ताई, एक पुस्तक बाजूला ठेवलंय. तुमच्या दादांनी सांगून ठेवलं होतं."

म्हटलं, मला आता नको कुठलं पुस्तक. विकून टाका.

"तुम्ही असं म्हणाल, तेही ते बोलले होते," तो म्हणाला. "म्हणाले होते, नाही म्हणाली तर सांगा, मला वरच्या फळीवरचं दिसत नाही, तिलाच यावं लागेल."

फोन ठेवला.

२५ मार्च, रविवार

केस विंचरले. चपला घातल्या. गेले.

दुकानदाराने शिडी लावून दिली. वरच्या फळीवर तेच पुस्तक. बाबांचंच, दुसरी प्रत. पान जागेवर. दोन-आठ-दोन.

तोंड डावीकडे.

आख्ख्या पुस्तकात हे एकच डावीकडे बघतं. आणि समोर उतरलेली सावली उजवीकडे. उतरलेली शाई उलटीच असणार! उभं आयुष्य ट्रेसिंग केलं मी आणि एवढं सुचलं नाही.

"दोन वर्षं झाली," दुकानदार म्हणाला. "दादा दुपारभर हे पान उघडून बसले होते. न्या म्हटलं तर म्हणाले, नेलं तर रविवारी बहिणीला घराबाहेर कशी काढू? ठेवा. मी गेल्यावर महिन्याभराने तिला फोन करा, तेव्हा लागेल तिला. तुम्ही त्या दिवशी विचारायला आलात ताई, मला तुमच्याकडे बघवेना."

दुपारभर बघितलं होतं त्याने. मग माझ्या उजवीकडे निघालेल्या इंजिनावर हात फिरवून म्हणाला, हेच ते.

दुसरी प्रत घरी आणली. बाबांच्या पुस्तकातलं माझं पान काढणार नाही. कवळी तर कवळी.